ठाकुरांच्या सुनेचं कार्ड

वाशीम, गुरुवार, ता. ९ सप्टेंबर १९३७

दादा,

ज्या घरात बांगडी भरायला एकही हात नाही, त्या घरी मनियारीण कशाला जाते? दुपारपासून हा प्रश्न डोक्यात घोळतो आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही, हे आधीच कबूल करते. बी.ए. झालेल्या बहिणीला एवढंही सुटत नाही म्हणून हसू नकोस. हसलास तरी मला कुठे ऐकू येणार? दीड वर्षात तुझी दोन पत्रं आली. दोन्ही जोडली तरी एक पान भरत नाही.

मी तुला लिहिते हे आबांना ठाऊक नाही. किन्हीराजाच्या पाहुण्यांना तू सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी नाही म्हणालास आणि हिंगोलीला निघून गेलास, तेव्हापासून ते तुझं नाव घेत नाहीत. तुझं शिवणयंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलं आहे. त्याला तेल मात्र स्वतः घालतात.

तर वाचनालयाचं सांगते. इथल्या सार्वजनिक वाचनालयात आषाढापासून दर गुरुवारी दुपारी फक्त बायकांना प्रवेश असतो. हे मी मिळवलं. मंडळाने दिवाळीपर्यंतच मान्यता दिली आहे. एक जरी तक्रार आली तरी बायकांचा गुरुवार बंद. पुस्तकांचं एक कपाट आम्हाला वेगळं दिलं आहे, त्याची किल्ली माझ्याजवळ असते. रात्री उशाशी घेऊन झोपते म्हणून आई चिडवते.

कार्डाचे नियम मीच लिहिले. कार्डावर बाईचं स्वतःचं नाव, खाली घरच्या कर्त्याची सही. एका कार्डावर एक पुस्तक, चौदा दिवस. घेतलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हाती देऊ नये. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नये. हा शेवटचा नियम सभेत वाचला तेव्हा निम्म्या सभासदांनी बोटं धोतरात लपवली. ज्यांच्याकडे गोषा आहे त्यांनी कार्ड देऊन विश्वासाचं माणूस पाठवावं, ही सवलतही मी भांडून घेतली.

उपाध्यक्ष ठाकूर दौलतसिंग तुला माहीतच आहेत. आबा त्यांचे कपडे शिवतात. त्यांनी उभं राहून सांगितलं, "पहिलं कार्ड माझ्या सुनेचं बनवा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मुलाला जाऊन चार वर्षं झाली. सून हिरीबाई माझ्याच वयाची. घरात ठाकूर, त्यांची विधवा बहीण रामीबाई आणि ही. म्हणजे दोन बायका, दोघींचे हात मोकळे. आणि हिरीबाईचं पुस्तक न्यायला कोण येतं? बांगड्या भरणारी सुलतानबी! ठाकुरांकडे दोन मोलकरणी आहेत. त्या का येत नाहीत?

आज विचारलं तर म्हणाली, "त्याह्यले पुस्तक उलटं का सुलटं, कळत नाही."

"तुला कळतं?"

"मले बी नाही कळत बाई. पण मी विचारून घेतो ना."

मला ही बाई सरळ वाटत नाही. पुस्तक बरोबर चौदाव्या दिवशी येतं, एक दिवसही आधी नाही. आणि दर आठवड्याला ती लाखेच्या बांगड्या आणायला तुझ्या हिंगोलीला जाते. बाजारात दिसली कधी तर बघ, कोणाशी बोलते ते.

ललिता

वाशीम, शुक्रवार, ता. २४ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर नाही. नसू दे.

माझा संशय खोटा नव्हता. हिंगोलीच्या मोटारीचा ड्रायव्हर दिलावर परवा आबांकडे सदरा टाकायला आला होता. गप्पांत बोलून गेला की कनेरगावच्या नाक्यावर निजामाच्या शिपायांनी सुलतानबीची टोपली उघडली आणि बांगड्यांखाली पुस्तक निघालं, आत आपल्या वाचनालयाचा शिक्का! "मग?" मी विचारलं. "मग काय? शिपायानं बायकोसाठी डझनभर बांगड्या ठेवून घेतल्या अन् सोडलं. त्याले कुठं वाचता येते?"

मला रात्री झोप नाही. आपल्याकडची पुस्तकं तिकडे नेऊ देत नाहीत हे तुला माझ्याहून चांगलं माहीत. उद्या हे मंडळाच्या कानावर गेलं तर एका कार्डापायी सगळ्या बायकांचा गुरुवार जाईल. रंगारी आळीतली कमरुन्निसा आता अडखळत का होईना पान पुरं करते. तिला मी काय सांगू?

काल सुलतानबी पुस्तक परत घेऊन आली. लेखनिक सेवादास शिक्के मारत बसला होता, म्हणून तिला ओसरीवर नेलं.

"हे पुस्तक हिंगोलीला कशाला नेलंस?"

"कोन म्हणते?"

"शिक्का म्हणतो."

ती हसली. पान खाऊन तिचे दात कसे झालेत तुला ठाऊक आहे. म्हणाली, "काऊन वं बाई, तुमच्या पुस्तकाले पाय फुटले तं तुमाले आनंद नाही होत? मले तं वाटलं, शिकेल बाई हाय, खुश होईन."

"कोणाकडे नेतेस?"

"मी बांगड्या विकतो. कोनाच्या हाताचं माप कोनाले सांगत नाही. धंदा बुडते."

यापुढे काढता आलं नाही. शेवटी मी कार्ड जप्त करण्याची धमकी दिली. तर तिने शांतपणे टोपलीतून कार्ड काढून पुढे ठेवलं आणि म्हणाली, "ठेवून घ्या. पन थ्या पोरीले तुमीच सांगा, तिच्या दारात जाऊन." माझा हातच पुढे होईना.

आणि आता नवी मागणी ऐक. हिरीबाईला उर्दूचं पहिलं पुस्तक हवं आहे, मुळाक्षरांचं. राजपुतांच्या घरची विधवा, वाशीमच्या चार भिंतींत बसलेली, तिला उर्दू कशाला? आपल्या कचेऱ्यांत मराठी चालते. उर्दूचं काम पडतं ते नाक्यापलीकडे.

पुस्तक दिलं. नियमात भाषेची अट नाही. पण सेवादासने शिक्का मारताना भुवई उंचावली. त्याचं लक्ष आहे. तो कोणाला काय सांगतो याचाही मला भरवसा नाही.

ललिता

वाशीम, शनिवार, ता. ९ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र काल मिळालं. पहिल्यांदाच चांगलं दोन पानी. त्याबद्दल पुढे बोलते, आधी माझं ऐक.

मंगळवारी मी ठाकुरांच्या घरी गेले. दसऱ्याचे कपडे शिवून झाले होते, ते पोचवायचं निमित्त केलं. रामीबाईंनी आतल्या खोलीत बसवलं आणि स्वतः दारातच माळ घेऊन बसल्या. हिरीबाई समोर होती. दादा, मला वाटलं होतं कोणी रडकी, खाली मान घातलेली बाई असेल. तिने मला पाणी दिलं आणि लगेच भांडायलाच लागली.

"तुमच्या कपाटातल्या कादंबऱ्या कोन निवडते?"

"मी."

"मंग तुमालेच सांगतो. सगळ्याईत बाई शेवटी मरते. बाई मेली का पुस्तक संपते. जशी काई थे मरायचीच वाट पाहून राह्यलं होतं लिहिनारं."

मला हसू फुटलं. दारातून रामीबाई म्हणाल्या, "हिरे, हळू बोल. पावन्याबाईच्या पुस्तकाले नावं ठेवू नये." त्याही तोंड फिरवून हसत होत्या असा मला संशय आहे.

मी मुद्द्यावर आले. उर्दू कशाला शिकतेस? ती म्हणाली, "रिकाम्या डोक्यात काई तं भरा लागते." पुस्तक नाक्यापलीकडे का जातं? ती मग कोपऱ्यातल्या शिवणयंत्राकडे गेली आणि त्याच्यावरची धूळ पुसू लागली. धूळ नव्हतीच. मी सांगितलं की मंडळाला कळलं तर गुरुवार बंद होईल, कितीतरी बायकांचं नुकसान होईल. तेव्हा वळून म्हणाली, "तुमचे नेम मले पाठ हायेत. मी एक सोडून समदे पाळले. थो एक मोडल्याबिगर मले बाकीचे पाळता येत नव्हते."

याचा अर्थ मला कळला नाही. वाटेत वाटलं, ही बाई मला शब्दांनी फसवते आहे.

आणि काल तुझं पत्र आलं. त्यात तू लिहितोस: कापसाच्या प्रेसमध्ये सगळा कारभार उर्दूत चालतो म्हणून उर्दू शिकतो आहेस. संध्याकाळी कादंबऱ्या वाचतोस. आणि पुढे, तुझ्याच अक्षरात: "या कादंबरीवाल्यांचं एक आहे ललिते, बाई मेली की पुस्तक संपतं."

ही ओळ तुझी की तिची?

दादा, मी मूर्ख नाही. ठाकुरांनी सुनेचा वेळ जावा म्हणून यंत्र घेतलं तेव्हा ते चालवायला शिकवायला आबांनी महिनाभर तुलाच पाठवलं होतं. दारात रामीबाई बसत असत म्हणून कोणाला काही वाटलं नाही. त्यानंतर चार महिन्यांत तू किन्हीराजाची मुलगी नाकारलीस. आणि पुस्तक चौदा दिवसांतले सात दिवस तिच्याकडे असतं, सात दिवस तुझ्याकडे. खरं ना?

मला राग कशाचा आला सांगू? तू मॅट्रिक सोडून यंत्रावर बसलास म्हणून मी नागपूरला शिकू शकले. हे मी कधी विसरत नाही. पण मला वाटत होतं, मी वाशीममध्ये एक वाचणारी बाई तयार केली. तुम्ही दोघांनी, सुलतानबी धरून तिघांनी, माझं वाचनालय टपालपेटी करून टाकलंत! आणि मला एका अक्षराने विचारलं नाहीत. माझ्यावर विश्वास नव्हता? विधवाविवाहावर मी कॉलेजात बोलले होते, बक्षीस मिळालं होतं, ते तूच आबांना वाचून दाखवलंस. तरीही?

उत्तर दे. यावेळी टोपलीतून नको, टपालाने दे.

ललिता

वाशीम, गुरुवार, ता. २१ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र मंगळवारी आलं. "वाचनालय वापरलं नाही, दोघांनी वाचलं" एवढंच लिहिलंस आणि खाली विचारलंस की तुला सांगितलं असतं तर तू आधी नियम पाहिला असतास की आम्हाला? रागाने ते पत्र मी दोनदा मिटलं आणि तीनदा उघडलं. पण आज त्याहून मोठं काही झालं आहे.

दुपारी सुलतानबी आली. पुस्तक दिलं, आणि सोबत कार्डही पुढे केलं.

"नवीन पुस्तक कोणतं हवं?" मी विचारलं.

"काईच नाही सांगतलं. म्हणे, कार्ड जमा करून ये. बाईले सांग, नेम हाय."

माझ्या हातातला टाक तसाच राहिला. नियम आहे, हे खरं. गाव कायमचं सोडून जाणाऱ्या बाईने जाण्याआधी कार्ड परत करावं. श्रावणात एका मास्तरांची बायको बदलीच्या गावी पुस्तक घेऊन गेली, म्हणून मीच तो घातला. त्या पोरीने तो पाळला! गाव सोडून पळून जाणारी बाई आधी वाचनालयाचं कार्ड जमा करते, असं कुठे ऐकलं आहेस? दादा, तुझी निवड अशी आहे. उद्या रेल्वेखाली जीव द्यायला निघाली तरी फलाटाचं तिकीट काढेल.

पण नियम तिथे संपत नाही. कार्ड जमा झालं की त्याच दिवशी शिपायाकडून घरच्या कर्त्याला चिठ्ठी जाते: आपल्या घरच्या अमुक बाईंचं कार्ड परत मिळालं, रद्द केलं आहे. हा भाग कार्डावर छापलेला नाही, म्हणून तिला ठाऊक नाही. ठाकुरांना संध्याकाळी चिठ्ठी मिळाली की ते एकच प्रश्न विचारतील: का परत केलं?

"सुलतानबी, कधी जाणार आहे ती?"

"कोन कुठं जाऊन राह्यलं?" तिने डोळे मोठे केले. मग माझ्या तोंडाकडे पाहून टोपली खाली ठेवली. "या अल्ला! कार्ड कायले जमा केलं, थे मले आत्ता समजलं. येडी हाय थे पोरगी."

सेवादास समोरच होता. त्याने कार्ड पाहिलं होतं. "बाई, चिठ्ठी लिहून ठेवू का? शिपाई पाचले जाते." मी म्हटलं, मी लिहीन. तो म्हणाला, "तुमीच नेम करा, तुमीच चिठ्ठ्या लिवा. आमाले काय, शिक्काच मारा लागते." साधं बोलला की टोमणा मारला? त्याला काय माहीत आहे? तो ठाकुरांच्या शेतावरच्या मुनिमाचा मेहुणा आहे, हे मला आत्ताच का आठवावं?

आणि तुझ्यावरही संशय येतो आहे, तो लिहून टाकते. ही एवढी प्रामाणिक आहे. तू आहेस का? तिला तिथे नेऊन, प्रेसमधल्या दोस्तांनी चार शब्द ऐकवले, आबांनी शाप दिला, की तू पुन्हा एखाद्या आदल्या दिवशी नाही म्हणणार नाहीस ना? किन्हीराजाच्या मुलीचं पुढे वर्षभर जमत नव्हतं. तुला कोणी कळवलं नसेल.

चिठ्ठीचा कागद माझ्यासमोर आहे. बाहेर बायका बसल्या आहेत. कमरुन्निसा कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवते आहे. हे पत्र तुला शनिवारी मिळेल, तेव्हा मी काय केलं हे ठरून गेलेलं असेल.

ललिता

वाशीम, सोमवार, ता. २५ ऑक्टोबर

दादा, आणि आता हिरी,

दोघांनी मिळून वाचा. यावेळी सात-सात दिवस थांबायचं कारण नाही.

गुरुवारी चिठ्ठी लिहिली, पण पाठवली नाही. हिरीचं कार्ड रद्द न करता त्यावर नवं पुस्तक दिलं, सगळ्यांत जाड पाहून, आणि सुलतानबीला सांगितलं की ते रामीबाईंच्या हातात दे, घरातल्या सगळ्यांना दिसेल असं दे. मग कळलं की रामीबाईंना सांगायची गरजच नव्हती. ठाकूर शुक्रवारी कापूस वेचणीसाठी रिठदला गेले. आज सकाळी हिरी मागच्या दाराने निघाली आणि त्या आतल्या खोलीला बाहेरून कडी घालून माळ ओढत बसल्या. मोलकरीण केर काढायला आली तर म्हणे तिला दटावलं, "आत वाचून राह्यली थे. वाचनाऱ्या मानसाले काऊन हाक मारता?" जन्मभर त्या दारात बसल्या त्या कोणाला अडवायला, याचं उत्तर मी आता शोधत नाही.

मी मोटार सुटते तिथे गेले होते. मला कोणी पाहिलं असेल तर पाहू दे. सुलतानबीच्या शेजारी एक बाई मांडीवर बांगड्यांची टोपली घेऊन बसली होती. हातात लाखेच्या हिरव्या बांगड्या. हिरी, तू माझ्याकडे पाहिलं नाहीस ते बरं केलंस. मी मात्र मोटार वळेपर्यंत पाहत होते, आणि दिलावर वळणावर हॉर्न वाजवत होता, रोज वाजवतो त्याहून जास्त. त्यालाही माहीत होतं की काय? या गावात मला सोडून सगळ्यांनाच माहीत होतं, असं वाटू लागलं आहे.

ठाकूर तिसऱ्या प्रहरी परतले. गुरुवारी पाचला शिपाई चिठ्ठी न्यायला आला होता, त्याला मी परत पाठवलं होतं. आता नुसती चिठ्ठी मिळाली असती तर त्यांनी पहिल्यांदा सुलतानबीच्या घरी माणसं पाठवली असती. सगळ्यांना दिसते ती तीच. म्हणून चिठ्ठी मी स्वतः नेऊन दिली.

ते ओसरीवर बसले होते. घरात शोधाशोध झालेली होती. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली.

"हे कार्ड कधी आलं?"

"गुरुवारी."

"आणि चिठ्ठी आज?"

"गुरुवारी पाठवली असती तर तुम्ही रिठदला गेला नसता."

मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, "बेटी, भर सभेत उठून मी तुझी बाजू घेतली. पहिलं कार्ड माझ्या घरचं दिलं." मी म्हटलं, "म्हणूनच मी आले, काका. शिपायाकडून कळवायला मला लाज वाटली." कुठे गेली, ते त्यांनी विचारलं. सज्ञान बाई आहे, हिंगोलीला आर्य समाजात तिचं लग्न लागेल, मुलगा माझा भाऊ आहे, हे सगळं मी सांगितलं. तुझं नाव घेतलं तेव्हा त्यांनी आबांनी शिवलेल्या अंगरख्याच्या बाहीकडे पाहिलं. का पाहिलं, मला माहीत नाही. हिंगोलीला माणसं धाडतील की नाही, तेही सांगता येत नाही. रामीबाई आतून म्हणाल्या, "दौलत, चहा थंडा होऊन राह्यला." ते उठले नाहीत.

घरी येऊन आबांना सांगितलं. ते कापड बेतत होते. कात्री थांबली, मग पुन्हा चालली. शेवटी एवढंच विचारलं, "तिचं माप कोनी घेतलं? चोळ्या तं लागतीन." आई रडायला लागली. हे रागाचं रडणं आहे की दुसरं, ते तू आल्यावर ठरव. ये मात्र.

ठाकुरांच्या अंगणातून मी निघाले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "बायकांचा गुरुवार आजपासून बंद. कपाटाची किल्ली देऊन जा." मी गळ्यातल्या दोऱ्यातून काढून किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. त्यांना वाटलं मी हात जोडेन. मला रडू येईल असं मलाही वाटलं होतं.

पण ते काम मी गुरुवारीच उरकलं होतं. चिठ्ठी पिशवीत टाकल्यावर बाहेर बसलेल्या बायकांना आत बोलावलं आणि म्हटलं, दिवाळी आली आहे, एका कार्डावर एक हा नियम आज नाही, उचलवतील तेवढी न्या. आपापसात बदलून वाचा, घरोघर फिरवायला सुलतानबी आहे. सेवादास बघत होता. मग उठला आणि शिक्का मारायला लागला. संध्याकाळपर्यंत सगळी पुस्तकं पदराखालून, पिशवीतून, कडेवरच्या लेकराच्या दुपट्यातून गेली.

किल्ली ठाकुरांकडे आहे. कपाटात आता डांबराच्या गोळ्या तेवढ्या उरल्या आहेत.

ललिता